छोट्या मल्टिट्रॅक रेकॉर्डरवर घरच्या घरी थर लावून गाणं कसं करायचं

घरी एकट्यानेच तबला, पेटी, गिटार, आवाज, मागचा कोरस असं सगळं एकेक करून रेकॉर्ड करायचं म्हटलं की लोक आधी विचारतात माइक कुठला घेऊ. माइक कुठलाही घ्या हो, चालून जाईल. असं गाणं फसतं ते पहिल्या दोन थरांत, म्हणजे लय पक्की नसते, पट्टी नीट जुळलेली नसते, आणि मग त्यावर अजून पाच थर चढवले की काहीतरी खटकतंय एवढं कळतं पण नक्की काय ते सापडत नाही. म्हणून इथे पट्टी आणि लय यांवरच जास्त लिहिणार आहे, मिक्सिंगवर, म्हणजे शेवटी सगळे थर मापात एकत्र करण्यावर, कमी. ज्यांना फक्त मिक्सिंगच हवंय त्यांनी सरळ खाली जा, पण माझं ऐकाल तर जाऊ नका.

मशीन आणि बाकी सामान

मी बोलतोय ते हातात मावणाऱ्या मशीनबद्दल. टास्कॅमचं डीपी-००६ आणि डीपी-००८ईएक्स, झूमचं आर८ आणि अलीकडचं आर४, ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. यांत एका वेळी रेकॉर्ड होतात फार तर दोन इनपुट, पण वाजताना सहा, आठ किंवा चार ट्रॅक एकत्र ऐकू येतात. आधीचे ट्रॅक हेडफोनमध्ये ऐकत ऐकत पुढचा वाजवायचा, एवढंच थरांचं तंत्र आहे, बाकी सगळा तपशील.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९७९ साली टीअ‍ॅक-टास्कॅमने पोर्टास्टुडिओ १४४ काढला, त्यात साधी ऑडिओ कॅसेटच घालायची, पण चारही ट्रॅक एकाच दिशेने आणि दुप्पट वेगाने चालायचे, त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम पंधरा मिनिटं मावायची. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा 'नेब्रास्का' हा अख्खा अल्बम असल्याच मशीनवर घरात बसून रेकॉर्ड केलेला आहे. खरं तर तो डेमो होता, पण नंतर बँडबरोबर केलेल्या रेकॉर्डिंगपेक्षा तोच बरा वाटला म्हणून तोच बाजारात आणला. तेव्हा चार ट्रॅक कमी पडतात ही तक्रार जरा बाजूलाच ठेवलेली बरी.

फोनवर नाही का होत? होतं, पण फोनमध्ये आवाज आत जाऊन हेडफोनमधून बाहेर यायला थोडा वेळ लागतो, आणि थर लावताना तो थोडा वेळच घात करतो. या मशीनमध्ये तुमचा आवाज तुम्हाला लगेच ऐकू येतो, उशीर जाणवत नाही. त्याच कारणासाठी ब्लूटूथ हेडफोन अजिबात वापरायचा नाही, तो एवढा मागे पडतो की टाळीवर टाळी बसणार नाही. वायरवाला, कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या. उघड्या जाळीचा असेल तर क्लिकचा (लय धरायला मशीन देतं त्या टिकटिकीचा) आणि तबल्याचा आवाज बाहेर झिरपून गाण्याच्या माइकमध्ये जातो आणि मग तो काढता येत नाही.

माइक साधा डायनॅमिक असला तर त्याला वेगळी पॉवर लागत नाही. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे मशीनने माइकच्या वायरीतूनच दिलेली वीज, लागते, ती देणारं मशीन आहे का ते घेण्याआधी बघा (डीपी-००६ मध्ये ती सोय नाही, एक्सएलआरची, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या वायरची, जागाही नाही) आणि फँटम चालू केली की सेल भराभर उतरतात हे लक्षात ठेवा. चार्जिंगचे चांगले डबल ए सेल दोन सेट घेऊन ठेवा. चार्जरवर चालवलं तरी चालतं, पण स्वस्तातला दोन पिनांचा चार्जर असेल तर खूपदा खाली बारीक घूंऽऽ असा आवाज येतो, तो आला की सरळ सेलवर चालवायचं, शोधाशोध करत बसू नका. आणि मशीन बंद करताना स्विचनेच बंद करा. बंद होताना ते कार्डावर गाणं सेव्ह करत असतं, तेवढ्यात सेल उपसले किंवा वायर ओढली तर गेलं.

कार्डाची काळजी नको. सीडीच्या दर्जाला म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटला एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ५ एमबी खातो, म्हणजे पाच मिनिटांचं आठ ट्रॅकचं गाणं २०० एमबीच्या आसपास. ३२ जीबीच्या कार्डावर शंभरावर गाणी बसतील.

खोली

आधी मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. मागून टणटण असा शेपटीसारखा आवाज आला तर ती खोली तशीच वापरायची नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून ठेवा, गादी भिंतीला टेकवा, आणि गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या टाका. समोर नाही, पाठीमागे, कारण माइकचं तोंड गाणाऱ्याकडे असतं आणि तो पाठीमागच्या भिंतीवरून येणारा आवाजच जास्त पकडतो. अंड्याचे ट्रे चिकटवायचा उद्योग करू नका, त्याने खोली भयाण दिसते आणि फायदा जवळजवळ शून्य. कोपऱ्यात बसू नका, कोपऱ्यात खर्ज साठतो आणि डग्गा नुसता घुमतो.

पंखा बंद, फ्रिज शक्य असेल तर तेवढ्यापुरता बंद (परत चालू करायची आठवण म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे विसरणार नाही), फोन फ्लाइट मोडवर. शहरात असाल तर रात्री साडेअकरानंतर किंवा पहाटेची वेळ बरी, पण शेजाऱ्यांचा विचार करून तबला दुपारी आणि आवाज रात्री अशी वाटणी करता येते, आपण थर लावतोय त्यामुळे सगळं एकाच बैठकीत व्हायला पाहिजे असं काही नाही. तबला आणि टाळ यांत मागचा कावळा खपून जातो, हळू गायलेल्या आवाजात कुकरची शिट्टी खपत नाही.

पट्टी: ज्याला हलवता येत नाही त्याच्याकडे सगळ्यांनी यायचं

हा भाग नीट वाचा. तुमच्याकडच्या वाद्यांत गिटार जुळवता येते, तबला जुळवता येतो, तानपुऱ्याचं अ‍ॅप जुळवता येतं, पेटी जुळवता येत नाही, निदान घरी बसून तरी नाही. आणि घरातली जुनी पेटी ४४० हर्ट्झच्या, म्हणजे ट्यूनर धरून चालतात त्या ठरलेल्या मापाच्या, हिशोबात अगदी बरोबर असेल अशी आशा धरू नका, थोडी वर किंवा थोडी खाली असतेच. म्हणून गाण्यात पेटी असणार असेल, भले ती पाचव्या थरात येणार असेल, तरी पट्टी पेटीचीच. आधी गिटार आणि आवाज ट्यूनरवर जुळवून रेकॉर्ड केले आणि मग पेटी घेतली तर ती बसणारच नाही, आणि ती बसत नाही म्हणून तुम्ही रात्रभर इक्यू (आवाजातला खर्ज-टीप कमीजास्त करायची बटणं) फिरवत बसाल.

करायचं असं. समजा गाणं काळी दोनमध्ये आहे. पेटीवर काळी दोनचा षड्ज एका हाताने धरून ठेवा, भाता संथ, दाब कमीजास्त न करता, आणि दुसऱ्या कुणाला तरी तानपुऱ्याचं अ‍ॅप किंवा राडेलच्या रागिणीसारखा इलेक्ट्रॉनिक तानपुरा काळी दोनला लावायला सांगा. दोन्ही एकत्र ऐका. किंचित फरक असेल तर आवाजात वांऊ-वांऊ अशी लाट ऐकू येते, कारण दोन स्वरांची कंपनसंख्या सेकंदाला जितक्याने वेगळी तितक्या वेळा ती लाट येते, म्हणजे दोनाचा फरक असेल तर सेकंदाला दोन लाटा. आता तानपुऱ्याचं फाइन ट्यूनिंग अगदी हळू फिरवा. लाट मंदावायला लागली की तुम्ही बरोबर दिशेने चाललाय, जलद व्हायला लागली की उलट. लाट लांबत लांबत जाते, मग एक क्षण असा येतो की ती थांबते आणि दोन वेगळे आवाज आहेत हेच कळेनासं होतं. तिथे थांबायचं. घाईघाईत अर्ध्यावर सोडू नका.

आता त्या तानपुऱ्यावर किती सेंट (लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) वरखाली आहे तो आकडा कागदावर लिहून ठेवा. बऱ्याच मशीनच्या ट्यूनरमध्ये आणि फोनच्या ट्यूनरमध्ये ४४० चा आकडा बदलता येतो, तो बदलून पेटीच्या षड्जावर काटा मध्ये आणा, मग गिटार त्याच ट्यूनरवर लावा. कॅपो (गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) लावल्यावर परत एकदा तपासा, कॅपोने तारा थोड्या वर जातात. तबला षड्जाला किंवा पंचमाला, तुमच्या सवयीप्रमाणे. पावसाळ्यात पुडीला ओल धरते आणि सूर उतरतो, त्यामुळे जुळवून झाल्यावर दहा मिनिटं तसाच ठेवून पुन्हा गजऱ्यावर हातोडी मारायची तयारी ठेवा, आणि प्रत्येक टेकच्या आधी एकदा 'ना' वाजवून बघा.

पहिला ट्रॅक तानपुऱ्याचाच घ्या, पूर्ण गाण्याच्या लांबीचा, वर अर्धं मिनिट जास्त. फोनवरून घेत असाल तर फोनच्या स्पीकरसमोर माइक धरू नका, फोनच्या हेडफोनच्या भोकातून सरळ मशीनच्या इनपुटमध्ये वायर घाला. शेवटच्या मिक्समध्ये हा तानपुरा ठेवायचा की नाही ते नंतर ठरवू, पण तोपर्यंत सगळे थर त्याच्यावरच गायचे-वाजवायचे. क्लिक तुम्हाला लयीत ठेवते, सुरात कोण ठेवणार?

लय: क्लिक कधी घ्यायची आणि कधी नाही

मशीनमध्ये मेट्रोनोम असतो. गाणं एकाच लयीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत जाणार असेल तर क्लिक घ्या, डोळे झाकून घ्या. केहरवा असेल तर आठ मात्रांना आठ क्लिक घेण्यापेक्षा चार घ्या, म्हणजे मात्रेचा वेग १६० असेल तर क्लिक ८० वर. चार क्लिकमध्ये गाणं श्वास घेतं, आठमध्ये कवायत होते. दादऱ्याला सहाला दोन. विलंबित असेल तर उलटं करा, क्लिक दुप्पट करा, कारण दोन क्लिकमध्ये फार मोठी पोकळी पडली की प्रत्येक जण ती वेगवेगळी मोजतो.

रूपक किंवा झपताल असेल तर मशीनवर सातचं किंवा दहाचं आवर्तन लावता येतं का बघा. नाही लागत? मग पहिल्या मात्रेचा ठसका बंदच करा, सगळे क्लिक सारखे ठेवा. चारचा ठसका आणि सातचं गाणं असं एकत्र ऐकत गायलात तर डोकं फिरेल.

पण भजन असेल, अभंग असेल, शेवटाला लय चढणार असेल, तर क्लिक विसरा. मशीनच्या क्लिकवर बांधलेलं भजन निर्जीव लागतं, आणि चढत्या लयीची क्लिक बसवणं हा वेगळाच छळ आहे. त्याऐवजी ज्याला लय चढवायची सवय आहे त्याला बसवा, तो गाइड आवाज गात गात मांडीवर थाप देऊ दे किंवा टाळी वाजवू दे, आणि ती बैठक एका ट्रॅकवर घ्या. टाळ मात्र गाइडमध्ये नको, त्याचा नाद इतका लांबतो की हेडफोनमध्ये दुसरं काही ऐकूच येत नाही आणि अर्ध्या तासाने कान दुखतात. खरे टाळ शेवटी घ्या. गाइडमध्ये लय जिथे चढली तिथेच पुढे सगळे चढणार आहेत, म्हणून हा गाइड पसंत पडेपर्यंत पुढे जायचं नाही, दहा वेळा घ्यावा लागला तरी चालेल, इथे वाया गेलेला तास पुढे चार तास वाचवतो.

क्लिक असो की टाळी, गाइड ट्रॅकमध्ये या गोष्टी हव्याच:

सुरुवातीला दोन पूर्ण आवर्तनं मोकळी, नुसती टाळी किंवा मोजणी. आपल्या गाण्यांत मुखडा समेच्या आधीच उचलला जातो, मशीनची चार टिकटिक ऐकून नेमका तिसऱ्या मात्रेवरून शब्द उचलणं प्रत्येक थराला जमणार नाही. पुढे प्रत्येक वेळी याच दोन आवर्तनांच्या आधारावर आत शिरायचं आहे, शेवटी मिक्समध्ये ती कापून टाकायची.

मधल्या मोकळ्या जागेत तोंडाने बोला, 'आता दुसरं कडवं', 'इथे फक्त पेटी', 'शेवटचं ध्रुवपद, तीनदा'. ऐकायला विनोदी वाटतं, पण आठवड्याने कोरस घ्यायला बसाल तेव्हा कुठे आहोत ते मोजत बसावं लागणार नाही.

कागद

ट्रॅक कमी आहेत, म्हणून आधी कागदावर मांडा. आठ ट्रॅकच्या मशीनवर मी अशी मांडणी सुचवीन: १ तानपुरा, २ गाइड, ३ तबला, ४ गिटार, ५ पेटी, ६ मुख्य आवाज, ७ आणि ८ कोरससाठी. सगळं झाल्यावर २ मोकळा होतो, तो टाळांना. चार ट्रॅकचं मशीन असेल तर बाउन्स करावं लागेल, त्याचं खाली सांगतो.

लेव्हल

गाण्यातली सगळ्यात चढी ओळ, म्हणजे बहुतेकदा अंतऱ्यातली तार सप्तकातली, ती खऱ्या जोरात गाऊन बघा आणि मीटरचं टोक उणे १२ डीबीच्या आसपास राहील असा गेन (आत येणारा आवाज कमीजास्त करायचं बटण) लावा. मुखडा गाऊन लेव्हल लावू नका, अंतऱ्याला लाल दिवा लागतो. डिजिटलमध्ये लाल म्हणजे फाटलं, मागे वळून दुरुस्ती नाही. आर४ सारख्या ३२ बिट फ्लोटवाल्या मशीनमध्ये ही भीती खूपच कमी आहे, नंतर खाली आणता येतं, पण माइकच्या फार जवळ जाऊन ओरडलात आणि माइकनेच आवाज फाडला तर तिथे मशीन काही करू शकत नाही.

वाद्यं

तबला आधी. एक माइक असेल तर दोन्हींच्या मध्ये, दीड फूट वर, तोंड खाली. डग्गा जास्त येत असेल तर गेन कमी करत बसू नका, माइक चार बोटं तबल्याकडे सरकवा. माइकची जागा हाच तुमचा खरा इक्यू आहे. मशीनचाच स्टिरिओ माइक वापरत असाल तर मशीन जमिनीवर ठेवू नका, स्टुलावर टॉवेलची घडी घालून ठेवा, नाहीतर डग्ग्याची थाप फरशीतून थेट आत जाते. तबल्याच्या आवाजाची टोकं एकदम उंच असतात, मीटरवर कमी दिसली तरी 'ना' आणि 'ता' जोरात वाजवून लेव्हल बघा.

पेटी घेताना भाता हा मोठा शत्रू. माइक भात्याच्या बाजूला, म्हणजे मागे, कधीच ठेवायचा नाही, समोरून थोडा वर, दीड-दोन फुटांवर ठेवा. फार जवळ गेलात तर स्वरांपेक्षा पट्ट्यांची खटखट जास्त येते. आणि एक गोष्ट जी बैठकीत वाजवणाऱ्यांना पटायला वेळ लागतो: पेटी इथे एकटी नाही, तिला खोली भरायची नाहीये. खर्जाचा स्टॉपर बंद ठेवा, कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टीही दाबणारी सोय) काढा, नुसत्या नर सुरांवर वाजवा. खर्ज चालू राहिला तर तो डग्गा आणि गिटारच्या जाड तारा यांच्याच जागेत घुसतो आणि तिघंही गढूळ होतात. उजव्या हाताने सुद्धा गाण्याची ओळ पूर्णवेळ मागे मागे वाजवू नका, आवाज जिथे थांबतो तिथे भरा. बैठकीत साथ करायची पद्धत वेगळी, इथे प्रत्येक सूर कायमचा राहणार आहे.

गिटारला बाराव्या फ्रेटकडे माइक, एक फूट अंतर. भोकासमोर धरला तर घुमतो.

आवाज

तबला झाला की क्लिक बंद करा. तबल्यावर गायचं, क्लिकवर नाही, आणि क्लिक हेडफोनमधून झिरपण्याचा प्रश्नही मिटतो.

तोंड आणि माइक यांत एक वीत अंतर. माइक नाकाच्या उंचीवर आणि किंचित बाजूला, म्हणजे प, फ, ब, भ म्हणताना हवेचा झोत सरळ त्यावर बसत नाही. भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा मोजा ताणून बसवला की विकतच्या पॉप फिल्टरइतकंच काम होतं. 'पांडुरंग' म्हणून बघा, आधी आणि नंतर, फरक लगेच कळेल. तार सप्तकात गेलात की अर्धी वीत मागे जा, खाली आलात की परत पुढे, पण डोकं फिरवून नाही, सगळं अंगच मागेपुढे.

हेडफोनमध्ये सगळे थर मोठ्याने लावले की माणूस सुराच्या वर किंवा खाली सरकायला लागतो, म्हणून तानपुरा थोडा पुढे, बाकी सगळं कमी. तरी जमत नसेल तर एक कान अर्धा उघडा ठेवा, पण काढलेला कप गालावर दाबून ठेवा, हवेत लोंबकळत ठेवू नका. कागदाची सळसळ येते, म्हणून शब्द पुठ्ठ्यावर लिहा.

पूर्ण गाणं तीनदा गा, मग थांबून ऐका. तिन्हींतलं बरं ठेवून त्यातल्या दोन-तीन ओळी पंच-इन करायच्या. पंच-इन म्हणजे फक्त तेवढा तुकडा परत रेकॉर्ड करायचा, मशीनला इन आणि आउटच्या खुणा देता येतात, आणि बहुतेकांत रिहर्सलचीही सोय असते, ती आधी वापरा. खूण नेहमी श्वासाच्या आधी ठेवा, म्हणजे जुना श्वास सुरू झाला की कापायचं नाही, श्वासाआधीच्या शांततेत कापायचं आणि नवीन ओळीचा श्वासही नवाच घ्यायचा. गायला मात्र दोन ओळी आधीपासून सुरुवात करा, म्हणजे त्या जागी आवाज तापलेला असतो. आणि हे सगळं त्याच दिवशी. सकाळचा आवाज आणि रात्रीचा आवाज एका ओळीत जोडला की कुणालाही ऐकू येतं.

कोरस: आपणच आपल्याबरोबर

एकाच आवाजाचे थर आपल्या कानाला नवीन नाहीत. 'इजाजत' मधलं 'कतरा कतरा' आठवा, १९८७ चं, तिथे आशाबाईंचा आवाज आशाबाईंच्याच आवाजावर येतो आणि राहुलदेव बर्मन यांनी ते असं बसवलंय की एक दुसऱ्याच्या वाटेत येत नाही. एक बोलून थांबला की दुसरा उगवतो. घरच्या कोरसमध्ये नेमकं हेच होत नाही, सगळे थर सगळ्या ओळी गातात.

पहिली गोष्ट, एकच टेक कॉपी करून दुसऱ्या ट्रॅकवर टाकू नका. दोन हुबेहूब सारखे ट्रॅक मिळून फक्त आवाज मोठा होतो, माणसं दोन होत नाहीत. खरंच परत गा. प्रत्येक वेळी जागा बदला: पहिला थर एक फुटावरून, दुसरा तीन फुटांवरून, ट्रॅक उरला असेल तर तिसरा पाच फुटांवरून जरा बाजूला उभं राहून. लांबून गायलेल्यात खोली थोडी मिसळते आणि मागे माणसं उभी आहेत असं वाटायला लागतं.

दुसरं, ओळीच्या शेवटचे स, श, च, ट फक्त मुख्य आवाजाने नीट म्हणायचे. कोरसने ते गिळायचे. तीन आवाजांचे तीन 'स' वेगवेगळ्या वेळी पडले की सापांची जत्रा.

तिसरं, दुसरा सूर कुठला घ्यायचा. सगळ्यात सुरक्षित म्हणजे तीच ओळ खालच्या सप्तकात. वेगळा सूर हवाच असेल तर रागातलेच सूर घ्या, पाश्चात्त्य पद्धतीने सरसकट वरचा तिसरा सूर लावला की रागाबाहेरचा सूर येऊन बसतो. उदाहरणार्थ चाल भूपात आहे, सा रे ग प ध. एक सूर सोडून वरचा घ्यायचा म्हटलं तर साला ग, रेला प, गला ध, पला वरचा सा, धला वरचा रे. म आणि नी येतच नाहीत, त्यामुळे अंतर कधी कमी कधी जास्त पडतं, आणि तसंच पडू द्यायचं. हे आधी पेटीवर वाजवून पाठ करा, मग गा. सगळ्या गाण्यात नको, ध्रुवपदाच्या शेवटच्या ओळीला पुरे.

बाउन्स

बाउन्स म्हणजे दोन-तीन ट्रॅक एकत्र करून एका किंवा दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि आधीचे मोकळे करायचे. कॅसेटच्या काळात दर बाउन्सला खरखर वाढायची, आता तसं काही होत नाही, पण एकदा एकत्र झालेलं वेगळं करता येत नाही हे तेव्हाही खरं होतं आणि आताही आहे.

चार ट्रॅकवर क्रम असा: १ गाइड (त्यातच मागे तानपुरा हळू वाजत ठेवून), २ तबला, ३ गिटार. आता १ बंद करून २ आणि ३ चा बाउन्स ४ वर. ४ ऐकून खात्री झाली की २ आणि ३ मोकळे. मग २ वर पेटी, ३ वर मुख्य आवाज, आणि १ वरचा गाइड पुसून तिथे कोरस. आर४ मध्ये बाउन्ससाठी वेगळा ट्रॅकच दिलाय, त्यामुळे तिथे थोडी जास्त मोकळीक मिळते.

बाउन्सच्या आधी पूर्ण गाण्याची कॉपी कार्डावर करून ठेवा, बऱ्याच मशीनमध्ये साँग कॉपी असं असतंच. आणि बाउन्स करताना तबला मनाला वाटतो त्यापेक्षा थोडा जास्त ठेवा. वर पेटी, आवाज, कोरस आल्यावर आधी दबतो तो तबल्याच्या चाटीचा आवाज, आणि तोपर्यंत तो वेगळा वर काढायची सोय संपलेली असते. बाउन्समध्ये रिव्हर्ब (आवाजाला मोठ्या खोलीसारखा घुमार देणारा इफेक्ट) घालू नका, तो शेवटी.

मिक्स

मुख्य आवाज मध्ये, तबला मध्ये, गिटार थोडी डावीकडे, पेटी तेवढीच उजवीकडे, कोरसचे दोन थर दोन टोकांना, तानपुरा इतका हळू की बंद केल्यावरच तो होता हे कळावं. गिटार आणि तबला एकाच ट्रॅकवर बाउन्स झाले असतील तर अर्थातच दोन्ही मध्येच राहणार. आवाज आणि पेटीचा ८०–१०० हर्ट्झच्या खालचा भाग कापा, तिथे नुसती थडथड असते. रिव्हर्ब एकच, सगळ्यांना वेगवेगळ्या प्रमाणात: कोरसला जास्त, आवाजाला बेताचा, तबल्याला नावापुरता. आपल्याकडे रिव्हर्ब घालायची फार हौस, देवळात गातोय असं वाटेपर्यंत घालतात. घाला आणि मग निम्मा करा.

हळू आवाजात मिक्स करा, मोठ्याने सगळंच छान वाटतं. मग फोनच्या स्पीकरवर ऐका, शब्द कळतात का बघा. दोन माइकनी किंवा मशीनच्या स्टिरिओ माइकने घेतलेलं काही असेल तर मोनोत करून ऐका, कधीकधी दोन्हींचे आवाज एकमेकांना खातात आणि डग्गा गायबच होतो. मास्टर करताना, म्हणजे शेवटची एकत्र फाइल काढताना, टोक उणे १ डीबीच्या वर जाऊ देऊ नका.

कॉम्प्युटरवर मिक्स करायचं असेल तर सगळे ट्रॅक वेव्ह फाइल म्हणून यूएसबीने काढून घ्या आणि ऑडॅसिटी किंवा रीपरसारख्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांची सुरुवात शून्यावर ठेवून टाका, आपोआप जुळतात. मध्येच एखादा थर मित्राने त्याच्या फोनवर रेकॉर्ड करून पाठवला असेल तर मात्र तो चार मिनिटांत हळूहळू सरकताना दिसू शकतो, कारण दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. तो तुकड्या-तुकड्यांनी बसवावा लागतो, शक्यतो त्यालाच घरी बोलवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ऑडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर केलेली सगळी मेहनत दाबून चपटी होऊन पोचू शकते. कार्ड रिकामं करण्याआधी सगळे सुटे ट्रॅक दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि त्याच फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल: पट्टी, पेटीचा सेंटमधला फरक, क्लिकचा आकडा, कॅपो कितव्या फ्रेटवर, माइक कुठे होता. दोन महिन्यांनी कुणीतरी म्हणणारच की दुसऱ्या कडव्यात बासरी घालूया का.